ओलं गोणपाट

१

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला मसोलीच्या भातगिरणीत सदू मिस्त्री मेला. साल सत्तावन. मी तेव्हा डहाणू ठाण्यात जमादार होतो. घाटावरून बदली होऊन आलेला, इथल्या दमट हवेवर कायम चिडलेला. सणाचं जेवण अजून अंगावर होतं आणि पहिला विचार मनात आला तो असा, की याला आजच मरायचं होतं का. हे सांगायला बरं वाटत नाही, पण पुढचं सगळं खरं सांगायचं तर हेही सांगायला हवं.

इंजिनघर म्हणजे गिरणीच्या मागच्या भिंतीला टेकून उभी केलेली पत्र्याची खोली. गिरणीतून तिथे जायला आतून वाट नाही. भिंतीत पट्टा जाईल एवढी फट आहे, तिच्यातून इंजिनाचा पट्टा पलीकडे जातो आणि भात सडायचा हलर फिरवतो. माणसाला एका बाजूनं दुसरीकडे जायचं तर पुढच्या दारानं बाहेर पडून सगळ्या इमारतीला वळसा घालावा लागतो.

आत गेलो आणि क्षणभर काही लिहावंसं वाटेना. इंजिनाचं छातीएवढं लोखंडी चाक फुटून त्याचे तीन तुकडे झाले होते. एक छपराचा पत्रा फाडून गेला होता, एक भिंतीत रुतला होता, आणि तिसरा सदूच्या छातीवर बसला होता. इंजिनावर आदल्या दिवशीच्या झेंडूच्या माळा आणि भाताच्या लोंब्या तशाच होत्या. सदूच्या तोंडावर कोणीतरी गोणपाट टाकलं होतं, आणि त्यातून पाणी निथळत होतं.

मी नेहमीप्रमाणे दिसेल ते लिहीत गेलो. डिझेलची तोटी बंद. इंजिनाशेजारी बांबू एक. मयताच्या तोंडावर गोणपाट, ओले. मग वळसा घालून गिरणीत गेलो आणि तिथलंही लिहिलं. पट्टा सरकवायचा दांडा रिकाम्या चाकाच्या बाजूस, त्यास कुलूप लावलेले. फौजदारसाहेब म्हणायचे, जमादार, तुम्ही पंचनामा लिहिता की वाण्याची यादी. खरंच होतं ते. मी लिहायचो सगळं, वाचायचो काहीच नाही.

इंजिनघरात वड्याच्या तळणीचा वास येत होता. शेजारी कुठे तरी सणाचं उरलेलं तळत असतील असं वाटलं, आणि मढ्यापाशी उभं राहून भूक लागली याची मला लाज वाटली.

गिरणीचे मालक गोविंदराव बाहेर उभे होते. धोतर, कोट, डोक्याला टोपी. चिकूची मोठी वाडी, भातखाचरं, तालुक्यात वजन. आवाज शांत होता.

"इंजिन बेफाम झालं असणार," ते म्हणाले, "आणि त्या लहान्यानं बांबूनं पट्टा पाडला. ओझं सुटलं की इंजिन आणखी पिसाळतं. चाक कसं टिकणार?"

"तुम्ही पाहिलंत?"

"मी वाडीत होतो. आवाज ऐकून आलो. पण आत सदू आणि लहान्या, दोघंच असतात. आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी सदूनं त्याला चार माणसांत थोबाडीत मारली होती, ते सगळ्यांना ठाऊक आहे. बोलवा त्याला, विचारा."

लहान्या म्हणजे सदूच्या हाताखालचा वारली, चाळिशीचा, सात वर्षं त्याच इंजिनावर. मी त्याला हाक मारली. खुंटीवर त्याची कुडती लटकत होती. माणूस नव्हता.

२

तिसऱ्या दिवशी तलासरीच्या शिपायांनी त्याला त्याच्या पाड्यावरून धरून आणलं. पळून जाऊन गेला कुठे, तर स्वतःच्या झोपडीत. लपायचंसुद्धा त्याला सुचलं नव्हतं.

फौजदारसाहेबांनी समोर उभं केलं आणि विचारलं, "सदूला कोणी मारलं?"

"मीच मारला, साहेब," लहान्या म्हणाला. "माज्यापायी मेला तो."

साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं, की बघा, तपास असा करतात. कबुली कागदावर आली. सोमवारी कोर्टात उभा करायचा असं ठरलं. खुनाचं कलम, म्हणजे फास नाहीतर जन्मठेप. लहान्या गुडघ्यांत डोकं घालून कोठडीत बसला तो कोणाशी बोलेना.

दुपारी सदूची बायको नर्मदा ठाण्यावर आली. तिशी ओलांडलेली, कपाळ मोकळं, डोळे कोरडे. तिला बसायला सांगितलं तर बसली नाही.

"मला एक सांगा, जमादारभाऊ. बारा वर्षं यांनी ते इंजिन पोटच्या पोरासारखं सांभाळलं. आम्हाला तर मूल नाही. मग ते यांच्यावर का उलटलं?"

मी काय सांगणार. मी म्हटलं, चौकशी चालू आहे.

"दसऱ्याची पूजा मी माझ्या हातानं केली. काही म्हणून कमी केलं नाही. हळद, कुंकू, फूल, तेल, नारळ, सगळं वाहिलं. यांना सांभाळ म्हणून सांगितलं त्याला." ती थांबली. "ज्यानं त्या इंजिनाचं वाकडं केलं, त्याला सोडू नका. कोणीही असो. मला वचन द्या."

पोलिसानं वचन द्यायचं नसतं. पण त्या बाईपुढे नाही म्हणणं मला जमलं नाही. "दिलं," मी म्हटलं.

आता कोर्टाला एक कागद लागत होता: इंजिन कशानं फुटलं, याबद्दल जाणकाराचा दाखला. जाणकार जवळपास एकच होता. वाढवणचा हरिश्चंद्र तांडेल, तीस वर्षं बोटींच्या इंजिनात काढून घरी बसलेला. साहेबांनी मला सांगितलं, जा, सही घेऊन या, पाच मिनिटांचं काम आहे.

तांडेलानं मढं कसं सापडलं ते माझ्याकडून ऐकून घेतलं, कबुलीचा कागद वाचला आणि परत दिला.

"ज्यानं मारलं तो पळताना मढ्याचं तोंड झाकून जातो होय?" तो म्हणाला. "चला, इंजिन दाखवा."

३

हरिश्चंद्र तांडेलाचे कान इंजिनांनी खाल्ले होते. त्याच्याशी बोलायचं तर समोर उभं राहून ओठ नीट हलवावे लागत. तो तुमच्या तोंडाकडे टक लावून बघायचा, आणि खोटं बोलणाऱ्याची त्यामुळे फार पंचाईत व्हायची.

इंजिनघरात त्यानं आधी मोडक्या इंजिनावर हात ठेवला, जरा वेळ नुसताच. मग डिझेलच्या तोटीपाशी वाकला.

"बंद केलीय. कोणी बंद केली?"

"मी आलो तेव्हा बंदच होती."

"म्हणजे सदूनं. खाणं बंद केलं तरी इंजिन थांबलं नाही." तो सरळ उभा राहिला. "जमादार, असं होतं कधीकधी. इंजिनाला दुसरीकडून तेल मिळत असलं की ते डिझेल मागत नाही. मग ते कोणाचं ऐकत नाही. अशा वेळी घाई केलीत की मेलात. त्याला पायरीपायरीनं थांबवायचं. पहिली पायरी, तोटी बंद. नाही ऐकलं तर दुसरी, ही वरची कळ दाबून धरायची, म्हणजे आतला दाब सुटतो. तरी नाही ऐकलं तर तिसरी, त्याचं नाक दाबायचं." त्यानं इंजिनाच्या बाजूला उभी असलेली, वरून जाळी असलेली पत्र्याची डबी दाखवली. हवा तिथून आत जात होती. "हवा नाही तर आग नाही. आणि हे सगळं होईपर्यंत त्याच्या अंगावरचं ओझं काढायचं नाही. पट्टा आहे तोवर ते हलर ओढतंय, दमतंय. पट्टा काढलात की सगळा जोर चाकात. मग चाक फुटतंच."

"म्हणजे गोविंदराव म्हणतात ते बरोबर."

"पट्टा सुटला हे बरोबर. कोणी सोडला ते बघू." त्यानं मला बोटानं जमिनीवरचा डाग दाखवला. "सदू कुठे पडला होता? इथे. कळीखाली. दुसऱ्या पायरीवर मेला माणूस, दोन्ही हातांनी कळ धरून. पळून गेला असता तर वाचला असता. मग थांबला कशाला? तो कशाची तरी वाट बघत होता."

त्यानं माझा पंचनामा मागितला. माझी वाण्याची यादी. बोट फिरवत एकेक ओळ वाचली आणि एका ठिकाणी बोट थांबलं.

"गोणपाट, ओले," त्यानं मोठ्यानं वाचलं. "ओलं का, जमादार? मढं झाकायला कोण गोणपाट भिजवून आणतो?"

मी ते स्वतःच्या हातानं लिहिलं होतं, आणि तीन दिवसांत हा प्रश्न मला पडला नव्हता.

"नाक दाबायला," तांडेल म्हणाला. "कोरडं गोणपाट इंजिन ओढून घेतं, पेटवतं. ओलंच लागतं. चला, तुमच्या खुन्याला भेटू."

४

कोठडीत तांडेल लहान्याच्या समोर जमिनीवर मांडी घालून बसला. मी उभा. लहान्या मान वर करीना, तेव्हा तांडेलानं त्याची हनुवटी धरून वर केली.

"सदूनं तुला थोबाडीत का मारली?"

लहान्याला हा प्रश्न अपेक्षित नव्हता. "बादली कोरडी होती," तो म्हणाला.

"कुठली बादली?"

"इंजिनाजवलची. तिच्यात गोणपाट भिजत ठेवायचा. रोज. सकाली आल्यावर पयला काम तोच. त्या दिशी मी इसरलो. मिस्त्री बोलला, लहान्या, सात वरसं हा गोणपाट लागला नाय, पण ज्या दिशी लागल त्या दिशी इहिरीवर जायाला येल नसल. आन् ठेवून दिली एक." त्यानं गालावर हात नेला. "बरूबर होता त्याचा."

"मग दसरा आला," तांडेल म्हणाला.

लहान्याचं तोंड वाकडं झालं. रडणं दाबताना माणसाचं होतं तसं.

"पूजेला सगला झाडला, सारवला. बादली मीच भायेर नेली, इहिरीवर ठेवली. गोणपाट धुवून वालत घातला. दुसऱ्या दिशी आत आणायचा इसरलो. इंजिन चालू केला, पाव तास बरा चालला, मंग सुटला. मिस्त्रीनी तोटी बंद केली. नाय ऐकला. कल दाबली. नाय ऐकला. मना बोलला, गोणपाट. मी बगतो तर बादली नाय. मी धावलो इहिरीवर. भिजवला. येतो तवर..."

तांडेलानं त्याला घाई केली नाही.

"चाक फुटला तवा मी दारात होतो. गोणपाट हातात. मिस्त्रीचा तोंड उगडा होता, डोले उगडे. मी त्याच्यावर तोच घातला. दुसरा काय नव्हता माज्याकडं." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "म्हून बोललो साहेब, मीच मारला."

मला साहेबांचा तो कबुलीचा कागद आठवला आणि स्वतःचीच चीड आली. ज्यानं धावत जाऊन गोणपाट आणलं त्याला आम्ही फासाकडे ढकलत होतो, आणि तोही मुकाट्यानं निघाला होता.

"पट्टा कोणी पाडला?" मी विचारलं.

"मना नाय ठाव. मी निंगालो तवा पट्टा चालू होता."

"तो बांबू?"

"दसऱ्याचा तोरण बांधाया आणला होता."

बाहेर आल्यावर मी तांडेलाला म्हटलं, "पण हा खरं बोलतोय हे कोर्टाला कोण सांगणार? आत दोघंच होते. एक मेला."

"पट्ट्याला दोन टोकं असतात, जमादार," तो म्हणाला. "तुम्ही एकच बघताय."

५

गिरणीच्या ओट्यावर भिकी सूप घेऊन कोंडा पाखडत बसली होती. हलरमध्ये भात ओतायचं काम तिचं. त्या सकाळी ती तिथे होती हे मला आधीच ठाऊक होतं. मी तिला विचारलंही होतं, आणि ती म्हणाली होती की तिनं काही पाहिलं नाही. मालकाच्या ओट्यावर बसून मजूर बाई दुसरं काय सांगणार.

तांडेलानं त्या सकाळबद्दल काहीच विचारलं नाही. तो पट्ट्याच्या दांड्यापाशी गेला. शाफ्टवर दोन चाकं शेजारीशेजारी होती. एक हलर फिरवणारं, दुसरं रिकामं. दांडा एका बाजूला ढकलला की पट्टा रिकाम्या चाकावर सरकतो आणि हलर थांबतो. दांड्याला साखळी होती आणि साखळीला पितळी कुलूप.

"बाय, हलर थांबवायचा झाला तर हा दांडा तुम्ही सरकवता ना?"

भिकी घाबरून हसली. "आमी कवा? आमाला शिवू नाय देत. आमी मदीच पट्टा सरकवतो आन् बसून राहतो, असा शेट बोलतं. म्हून कुलूप." मग सूप हलवता हलवता खाली बघून म्हणाली, "मांगल्या वरसाला गंगीचा पदर गेला आत, तवा बी कुलूपच होता. शेट चावी घेऊन येईस्तोवर तिचा हात गेला."

हे तिनं कोंडा पाखडण्याच्या सुरातच सांगितलं. तिला वाटलं, हा म्हातारा कुलपाबद्दल विचारतोय, यात कोणाची चुगली नाही.

गोविंदराव आले तेव्हा तांडेल त्यांच्या समोर जाऊन उभा राहिला आणि ओठांकडे बघू लागला.

"कुलूप चांगलं आहे. किल्ली कोणाकडे?"

"माझ्याकडे. करदोट्याला. अंघोळीलासुद्धा काढत नाही."

"दुसरी?"

"दुसरी नाहीच. या लोकांचा भरवसा काय?"

"पूजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही वाडीत होतात."

"सांगितलं ना जमादारांना. चिकू उतरवत होते तिथे होतो. इथून दोन फर्लांग."

"सकाळी दांडा कुठल्या बाजूला होता?"

"चालू बाजूला. सदूनं इंजिन चालू केलं, मी दांडा लावला, कुलूप घातलं, वाडीत गेलो."

"जमादार," तांडेल माझ्याकडे वळला, "तुमची यादी वाचा."

मी वाचलं. माझा आवाज मलाच परका वाटला. "पट्टा सरकवायचा दांडा रिकाम्या चाकाच्या बाजूस, त्यास कुलूप लावलेले."

ओट्यावरचं सूप थांबलं होतं.

"लहान्यानं पलीकडून बांबूनं पट्टा पाडला असता," तांडेल सावकाश म्हणाला, "तर दांडा तसाच राहिला असता, चालू बाजूला, कुलपात. पण दांडा सरकलाय. म्हणजे कोणी तरी कुलूप उघडलं, दांडा रिकाम्या चाकाकडे ढकलला, आणि परत कुलूप लावलं. किल्ली एक. तुम्ही वाडीत नव्हतात, गोविंदराव. तुम्ही इथे होतात. इंजिन सुटलं, हलर किंचाळायला लागला, आणि तुम्ही पट्टा काढलात. मग सवयीनं कुलूप लावलंत. पलीकडे सदू कळ धरून उभा होता."

"सदू सांगायचा तुम्हाला, पट्टा काढू नका म्हणून?" मी विचारलं.

गोविंदरावांनी दांड्याकडे पाहिलं. टोपी काढून त्यांनी कपाळ पुसलं.

"सांगायचा," ते म्हणाले. "शंभरदा सांगितलं असेल. पण हलर नवा होता, जमादार. तीन महिने झाले होते आणून. तांदळाची कणी होत होती, डोळ्यांसमोर. मला वाटलं, एवढ्यानं काय होतंय."

"आणि लहान्या?"

"तो पळाला ना. जो पळतो त्याचंच नाव येतं." एवढं बोलून ते खाली बसले. मला वाटतं, आपण काय बोललो ते त्यांना तेव्हा कळलं.

६

लहान्या सुटला असं मला वाटलं आणि मी खूश झालो. साहेबांची समजूत काढायचं तेवढं राहिलं होतं. पण तांडेल पुन्हा इंजिनघराकडे चालू लागला.

"अजून काय राहिलं?" मी त्याच्यासमोर जाऊन विचारलं.

"चाक का फुटलं ते कळलं. इंजिन ऐकेनासं का झालं ते कळलं नाही. दुसरीकडून तेल मिळत होतं ना त्याला? कुठून?"

त्यानं नाकाची डबी सोडवून खाली घेतली. तिच्या तळाशी थोडं तेल असतं, हवेतली धूळ धरायला. बोटभर, जास्त नाही. मी वाकून बघितलं. निम्म्याच्या वर भरली होती, आणि बाकीचं इंजिनानं ओढलं होतं हे कडेच्या खुणेवरून दिसत होतं. वंगणाचं तेल काळं असतं. हे पिवळं होतं.

तांडेलानं बोट बुडवून नाकाशी नेलं. "गोडं तेल. थंड असताना बसून राहिलं. इंजिन तापलं, तेल पातळ झालं, नाकातून वर चढलं."

तळणीचा वास. त्या सकाळी मला भूक लागली होती तो वास.

तेलावर झेंडूची एक पाकळी तरंगत होती. जाळीच्या कडेला कुंकवाचं बोट ओढलेलं होतं.

हळद, कुंकू, फूल, तेल, नारळ, सगळं वाहिलं. यांना सांभाळ म्हणून सांगितलं त्याला.

मी तिथेच खाली बसलो. देवाला तेल वाहायचं तर ते त्याच्या डोक्यावर किंवा तोंडी लागेल असं वाहतात. त्या बाईला त्या लोखंडात तोंडासारखं एकच काही दिसलं असणार. पूजा आटोपून पुरुष बाहेर गेल्यावर तिनं मन लावून तांब्याभर तेल त्यात ओतलं असणार, नवऱ्याला जपावं म्हणून. बारा वर्षं तिनं बाकी सगळं वाहिलं असेल. यंदाच तेलाची बुद्धी का झाली, ते तिलाच ठाऊक.

"तुम्हाला कळलंय कोण," तांडेल माझ्या तोंडाकडे बघत म्हणाला.

"मी तिला वचन दिलंय. ज्यानं इंजिनाचं वाकडं केलं त्याला सोडणार नाही म्हणून. कोणीही असो, असं ती म्हणाली."

त्यानं डबी जमिनीवर ठेवली. "तेलानं इंजिन सुटलं. पण सुटलेलं इंजिन थांबवता येतं. सदूला येत होतं. मिनिटभर मिळालं असतं तर लहान्या गोणपाट घेऊन पोचत होता. माणूस पट्ट्यानं मेला, जमादार. दाखल्यात मी तेवढंच लिहीन. बाकीचं तुमच्या यादीत घालायचं की नाही, ते तुम्ही बघा."

मी डबी उचलली, बाहेर नेली आणि विहिरीमागच्या केळीच्या बुडाशी पालथी केली. पाकळी हातानं काढून टाकली. कुंकू धोतराच्या चिंधीनं पुसलं. परत येऊन लिहिलं: हवेच्या डबीत तेल प्रमाणाबाहेर भरले गेले होते, कोणाकडून ते निष्पन्न होत नाही. माझ्या सगळ्या नोकरीत मी जाणूनबुजून लिहिलेलं ते एकच खोटं वाक्य. त्याबद्दल मला पश्चात्ताप नाही, पण ते लिहून सुखही झालं नाही.

गोविंदरावांना हयगयीनं माणूस मारल्याबद्दल आणि खोटी माहिती दिल्याबद्दल मिळून दीड वर्षाची शिक्षा झाली. नर्मदेला मी सांगितलं, तुमचं इंजिन मालकानं फोडलं, वचन पाळलं. तिनं मला वाकून नमस्कार केला. तो मी कसा घेतला ते माझं मला माहीत.

७

पुढच्या उन्हाळ्यात गिरणी पुन्हा चालू झाली. गोविंदरावांच्या धाकट्या भावानं दुसरं इंजिन आणलं आणि दांड्याचं कुलूप काढून टाकलं. त्याला मिस्त्री मिळेना, तेव्हा तांडेलानं सांगितलं, लहान्याला ठेवा, मी शिकवतो. तीन महिने तो वाढवणहून रोज यायचा. इंजिनाशेजारी बादली होती आणि तिच्यात गोणपाट. मी कधी त्या बाजूला गेलो तर आत डोकावून ती बादली बघून यायचो. कधीही कोरडी नसायची.

दसऱ्याला मी सोनं द्यायला म्हणून गिरणीत गेलो. पूजा आटोपली होती. माळा चढल्या होत्या, नारळ फुटला होता, माणसं बाहेर खोबरं खात उभी होती. आत लहान्या एकटाच, आणि मी.

नर्मदा दारात आली. पांढरं लुगडं, हातात पितळेचा तांब्या, दोन्ही हातांनी धरलेला.

"पूजा झाली असेल," ती म्हणाली. "मी मागाहूनच येते. आता मला कुंकू लावायचं नाही. पण तेल वाहायला कोणाची हरकत नसावी."

लहान्या बाजूला झाला. मी झालो नाही, मला हलताच आलं नाही.

"गेल्या वर्षी मी पहिल्यांदाच तेल वाहिलं," ती मला सांगू लागली. "यांना उन्हाळ्यात बरं नव्हतं, म्हणून नवस बोलले होते. पण तांब्या काठोकाठ भरला नव्हता, भाऊ. घरात तेल कमी होतं. वर्षभर तेच मनात घोळतंय. कमी वाहिलं म्हणून तर..." तिनं पदरानं तांब्याची कड टिपली. "यंदा पुरतं आणलंय. या लहान्याची बायको आहे, पोरं आहेत."

ती इंजिनापाशी गेली आणि नाकाच्या डबीवर तांब्या उचलला.

लहान्यानं पुढे होऊन डबीच्या जाळीवर तळवा ठेवला.

"बाय, इथं नको. चाकाला लाव."

"का रे? तोंड आहे ना ते त्याचं? मागच्या वर्षी इथंच वाहिलं मी."

लहान्यानं माझ्याकडे पाहिलं. तांडेलानं त्याला काय काय शिकवलं होतं, ते त्या नजरेत होतं. गेल्या वर्षी तेल कोणी ओतलं ते त्याला आधीच कळलं होतं की आत्ता कळत होतं, ते सांगता येणार नाही.

"इथं तेल गेलं तर काय होतं?" नर्मदेनं विचारलं. प्रश्न मला होता. मी इंजिनावरच्या माळेकडे बघत राहिलो.

"काय नाय होत," लहान्या म्हणाला. "सांडतं, बाय. फुकट जातं. दुसरा काय नाय."

त्याचा हात मात्र तिथून हलला नाही.

नर्मदा बारा वर्षं मिस्त्रीची बायको होती. तिनं त्या हाताकडे पाहिलं, मग बादलीतल्या गोणपाटाकडे, मग पुन्हा हाताकडे. वळली आणि तांब्या घेऊन विहिरीकडे गेली.

मी दारातून बघत होतो. तिनं केळीच्या बुडाशी तांब्या कलता केला आणि तेल सावकाश ओतलं. संपलं तरी तांब्या सरळ केला नाही. तसाच पालथा धरून ती उभी राहिली, आणि तिला हाक मारायला आम्हा दोघांपैकी कोणीच गेलं नाही.